संगणकवाल्यांच्या चुका आणि आपली शेतवही

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



खरिपाच्या तोंडावर कृषिविद्येचा माणूस उभा राहिला, की तो बियाण्याचे प्रमाण, पेरणीचे अंतर आणि खतांच्या मात्रा यांवर बोलणार हे आपण गृहीत धरता. ते मी बोलणारच आहे. पण आज थोडे आडवाटेने जाणार आहे. माझा धाकटा भाऊ पुण्यात संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहिण्याचे काम करतो. दिवाळीला घरी आला की आमचा वाद ठरलेला. तो म्हणतो, ‘दादा, तुमच्या शेतीच्या मासिकात सगळ्या यशोगाथाच कशा असतात? फसलेल्या पिकाची गोष्ट कोणी का लिहीत नाही?’ पहिल्या वर्षी मला राग आला. दुसऱ्या वर्षी मी त्याला विचारले, तुमच्यात कोण लिहितो? त्यावर त्याने मला काही अहवाल वाचायला दिले. मोठमोठ्या कंपन्यांनी आणि कारागिरांनी आपल्या चुका तारीख-वार आणि तास-मिनिटांसह छापून जगासमोर ठेवलेल्या होत्या. ‘कोणाला शिक्षा करावी’ हा त्यांचा विषयच नव्हता. नेमके काय घडले, कशामुळे घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलले, एवढेच त्यात होते.

संगणकाचा आपला काय संबंध, असे आता म्हणता येणार नाही. सातबारा संगणकावर आला, ई-पीक पाहणी २०२१ पासून आपण मोबाईलवरून नोंदवू लागलो, हवामानाचा सल्ला मोबाईलवर येतो. तेव्हा ही मंडळी काम कसे करतात आणि कुठे घसरतात, हे पाहायला हरकत नाही. त्यांच्या तीन गोष्टी सांगतो आणि एक माझी स्वतःची.

साठवण केली, पण तपासली नाही

गिटलॅब नावाची एक कंपनी आहे. जगभरचे आज्ञावलीकार आपले लिखाण तिच्याकडे ठेवतात. आपण गोदामात माल ठेवतो तसेच समजा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक अभियंता एका बिघाडावर काम करीत होता. दोन यंत्रे होती. एक चालू आणि दुसरे त्याची नक्कल ठेवणारे. नक्कल ठेवणाऱ्या यंत्रावरची माहिती पुसायची होती. उशीर झालेला, डोके थकलेले, आणि पुसण्याची आज्ञा चुकून चालू यंत्रावर दिली गेली. एक-दोन सेकंदांतच चूक लक्षात आली. त्याने आज्ञा थांबवली, तोपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी साडेचार गिगाबाइट उरली होती.

ठीक आहे, साठवलेली प्रत काढू, असे सगळ्यांना वाटले. साठवणीचे एक-दोन नव्हे, पाच मार्ग योजलेले होते. त्या वेळी एकही मार्ग नीट चालत नव्हता. रोजची प्रत काढणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची असल्यामुळे ती कित्येक दिवस आपोआप बंद पडत होती. बंद पडल्याची सूचना टपालाने जात होती, पण ते टपाल पलीकडे स्वीकारलेच जात नव्हते. म्हणजे कोठी रिकामी, आणि कोठी रिकामी असल्याचा निरोपही वाटेतच हरवलेला. शेवटी त्याच अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्या एका कामासाठी सहज काढून ठेवलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर कंपनी वाचली. सेवा सुमारे अठरा तास बंद होती आणि त्या सहा तासांतली नवी नोंद गेली ती गेलीच. दुरुस्तीचे काम चालू असताना त्यांनी ते लोकांना थेट पाहू दिले आणि नंतर सविस्तर अहवाल छापला.

हा अहवाल वाचताना माझ्या डोळ्यांसमोर २०२० चा खरीप उभा राहिला. त्या वर्षी आपल्या राज्यात सोयाबीन उगवले नाही, अशा तक्रारींचा पाऊस पडला होता. कंपनीच्या पिशवीतले न उगवल्याच्या तक्रारी होत्या, तसेच घरचे राखलेले बीही कित्येकांचे उगवले नाही. घरी बी ठेवले आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण सोयाबीनच्या बियाण्याचे आवरण पातळ असते. मळणी यंत्राचे फेरे जास्त झाले, पोती उंचावरून आपटली, थप्पी उंच लावली, ओलावा राहिला, की दाणा वरून टपोरा दिसतो आणि आतला अंकुर मेलेला असतो. पोते कोठीत आहे म्हणजे बी आहे असे नव्हे. उगवून पाहिले तरच ते बी.

कृती सोपी आहे. गोणपाटाचा एक तुकडा भिजवून सावलीत अंथरावा. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून दाणे घ्यावेत. निवडून चांगले दाणे घेऊ नयेत, ती आपलीच फसवणूक होते. शंभर दाणे दहा ओळींत मांडावेत, वरून दुसरे ओले गोणपाट घालावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि ओल टिकेल इतके पाणी शिंपडावे. अशा तीन गुंडाळ्या कराव्यात. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून निरोगी कोंब मोजावेत आणि तिन्हींची सरासरी काढावी. सरासरी ७० किंवा त्याहून जास्त आली, तर शिफारशीप्रमाणे एकरी ३० किलो बी पुरते. ६५ आली तर ३२ ते ३३ किलो, ६० आली तर ३५ किलो घ्यावे. त्याखाली गेल्यास ते बी म्हणून वापरू नये. पेरणीच्या आदल्या दिवशी ही चाचणी करून उपयोग नाही. हाताशी पंधरा दिवस असतानाच करावी, म्हणजे दुसरे बी पाहायला वेळ मिळतो.

सगळ्या रानात एकदम नको

दुसरी गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी बातम्यांत ऐकली असेल. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक सॉफ्टवेअरसाठी एक छोटी सुधारणा जगभर पाठवली. ती मिळताच संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक अडकले. विमाने, बँका, रुग्णालये खोळंबली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले.

कंपनीने नंतर कारण छापले. ते ऐकून आपल्याला हसू येईल. पाठवलेल्या नमुन्यात एकवीस रकाने होते आणि संगणकातील आज्ञावली वीसच रकाने धरून बसली होती. एकविसावा वाचायला गेली आणि कोसळली. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात काहीही चालेल अशी सूट होती, म्हणून दोष उघडा पडला नव्हता. चुकीची सुधारणा त्यांनी ७८ मिनिटांत मागे घेतली. पण ज्या संगणकांनी ती आधीच घेतली होती, त्यांपैकी बहुतेकांना माणसाने एकेकाजवळ जाऊन हाताने दुरुस्त करावे लागले. या कामाला काही ठिकाणी कित्येक दिवस गेले.

रकान्यांची चूक कोणाचीही होईल. मोठी चूक वेगळी होती. सुधारणा सगळीकडे एकाच वेळी गेली. आधी थोड्या यंत्रांवर पाठवायची, काही काळ थांबून पाहायची, मग पुढची तुकडी, हा त्या धंद्यातला जुना रिवाज. या प्रकारच्या छोट्या सुधारणांना तो लागू केलेला नव्हता. त्यानंतर कंपनीने तो लागू केला.

आपण काय करतो? शेजाऱ्याने सांगितले, दुकानदाराने बाटली हातात दिली, की सगळ्या पाच एकरांवर एकाच दिवशी फवारणी. तणनाशक पानावर पडले की ७८ मिनिटांत काय, ७८ सेकंदांतही परत गोळा करता येत नाही. नवे औषध असो, नवे वाण असो की ठिबकमधून द्यायचे नवे खत असो, पहिल्या वर्षी दोन-चार गुंठ्यांवरच करून पाहावे आणि शेजारी तेवढीच जागा नेहमीच्या पद्धतीची ठेवावी. तुलनेला काही ठेवलेच नाही, तर फरक औषधाचा की पावसाचा हे कोण सांगणार? लेबलवर शिफारस नसलेली मिश्रणे तर टाळलेलीच बरी. शिफारस असलेले मिश्रणही पंपात ओतण्यापूर्वी काचेच्या स्वच्छ बरणीत, त्याच पाण्यात, त्याच प्रमाणात करून अर्धा तास ठेवावे. दही फुटल्यासारखे झाले, तळाला गाळ बसला किंवा बरणी गरम लागली, तर ते पंपात घालू नये.

अर्ध्या सेकंदाची शंका

आता तिसरी गोष्ट, आणि मला सर्वांत जवळची वाटलेली.

माहिती दाबून लहान आकारात साठवणारे ‘एक्सझेड’ नावाचे एक साधन आहे. फुकट आहे. जगातल्या असंख्य मोठ्या संगणकांत ते खोल कुठेतरी बसलेले असते. वापरणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. वर्षानुवर्षे त्याची देखभाल प्रामुख्याने एकच माणूस करीत होता, फिनलंडचा लासे कॉलिन. पगार नाही. फावल्या वेळातला छंद. २०२१ साली ‘जिया टॅन’ असे नाव सांगणारा एक जण मदतीला आला. लहानसहान दुरुस्त्या तो नेमाने करून देऊ लागला. २०२२ मध्ये दुसऱ्याच काही नावांनी कॉलिनला पत्रे येऊ लागली, की काम फार हळू चालले आहे, कारभार दुसऱ्याकडे सोपवा. कॉलिनने सर्वांसमक्ष उत्तर दिले, की आपल्याला दीर्घकाळ मानसिक त्रास आहे आणि हे बिनपगारी छंदाचे काम आहे, हे ध्यानात घ्यावे. अखेर मदतनिसाच्या हाती अधिकार आले. तो खरा कोण होता, हे आजवर उघड झालेले नाही.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांत या मदतनिसाने एक चोरवाट लपवली. ती चाचणीसाठी ठेवलेल्या निरुपयोगी वाटणाऱ्या फायलींत दडवलेली होती. ज्याच्याजवळ ठरावीक किल्ली आहे, त्याला परक्या संगणकात शिरता यावे अशी सोय. त्या आवृत्त्या चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणालींपर्यंत पोहोचल्या होत्या. काही महिन्यांत त्या जगभरच्या चालू संगणकांत गेल्या असत्या.

सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक आज्ञावलीकार दुसऱ्याच कामासाठी आपल्या संगणकाचा वेग मोजत होता. दूरच्या यंत्रात शिरायला एरवी ०.३ सेकंद लागत. आता ०.८ सेकंद लागू लागले. अर्धा सेकंद! डोळ्याची पापणी दोनदा हलते तेवढा वेळ. हजारांतल्या नऊशे नव्व्याण्णवांनी ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिले असते. तो मागे लागला, धागा ओढत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सगळे जाहीर केले. तो सुरक्षेच्या विषयातला तज्ज्ञ नव्हता. त्याच्याजवळ एवढेच होते, की नेहमीचा वेग किती हे त्याला माहीत होते.

या प्रसंगाच्या दोन बाजू आहेत. सगळा भार एकट्या थकलेल्या माणसावर होता आणि त्याचा फायदा घेणारा मदतीचाच चेहरा घेऊन आला, ही एक. आपल्या पाणीवापर संस्था, बचत गट, उत्पादक कंपन्या पाहा. हिशेब एकालाच कळतो, कुलपाची किल्ली एकाकडेच असते, आणि आपण म्हणतो, ‘ते बघतात सगळं.’ ते आजारी पडले की आपण फक्त तक्रार करतो. दुसरी बाजू अर्ध्या सेकंदाची. तिच्यासाठी मला माझीच चूक सांगावी लागेल.

माझी चूक

२०१९ च्या खरिपापूर्वी एका गावातील चाळीस शेतकऱ्यांच्या माती परीक्षणावरून मी खतांचे तक्ते तयार केले. हाताने आकडेमोड करायला वेळ लागतो, म्हणून संगणकावर एक तक्ता बसवला. परीक्षणाचे आकडे भरले, की पोत्यांची संख्या आपोआप निघे. मला त्याचे मोठे कौतुक होते.

चिठ्ठ्या वाटून आठवडा झाला असेल. एक मावशी माझ्याकडे आल्या. सोबत एक जुनी शंभर पानी वही. म्हणाल्या, ‘सर, मागच्या साली एकराला सुपरची तीन पोती टाकली व्हती. औंदा तुमच्या चिठ्ठीत सात हायेत. जमीन तर तीच हाय.’

मी म्हणालो, ‘मावशी, संगणकाने काढलंय. माती परीक्षणावरून आलंय.’

त्या उठल्या नाहीत. ‘तरी एकवार बगा,’ म्हणाल्या.

बघितले. स्फुरदाचे दोन हिशेब असतात. एक शुद्ध मूलद्रव्याचा आणि एक त्याच्या ऑक्साइडचा. पहिल्यावरून दुसरा काढायला २.२९ ने गुणतात. सोयाबीनची हेक्टरी ६० किलो ही शिफारस मुळातच ऑक्साइडच्या रूपात आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद. म्हणजे हेक्टरी ३७५ किलो, एकरी १५० किलो, म्हणजे पन्नास किलोची तीन पोती. मी तिलाच पुन्हा २.२९ ने गुणले होते. साठाचे एकशे सदतीस झाले आणि तीन पोत्यांची सात. ज्यांच्या जमिनीत स्फुरद कमी-जास्त होते, त्यांचे आकडेही त्याच प्रमाणात फुगले होते. चाळीसही चिठ्ठ्या चुकीच्या.

पहिला विचार मनात काय आला ते सांगतो. तक्ता गुपचूप दुरुस्त करावा, ‘सुधारित शिफारस’ म्हणून नव्या चिठ्ठ्या पाठवाव्यात, कोणाला कळणार आहे? त्या रात्री भावाने दिलेला गिटलॅबचा अहवाल पुन्हा काढून वाचला. सकाळी एका कागदावर लिहिले, की चूक कोणती, कोणाची, कशी झाली, कोणाच्या लक्षात आली आणि आता काय करावे. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला आणि घरोघर गेलो. तोवर अकरा जणांनी पोती आणली होती. नऊ जणांची पेरणी व्हायची होती, त्यांनी जादा पोती रब्बीच्या हरभऱ्यासाठी ठेवली. दोघांनी सगळे रानात टाकून झाले होते. त्यांचे पीक बुडाले नाही, पण पैसे मातीत गेले. शिवाय चुनखडीच्या काळ्या जमिनीत जादा स्फुरदाने जस्त पिकाला कमी मिळते, हेही मला त्यांच्यासमोर सांगावे लागले. त्यातले एक गृहस्थ पुढचे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

मावशींच्या वहीत होते काय? तारीख, वावर, काय टाकले, किती टाकले. आणि एक गोष्ट जी कृषी पदवीधरही क्वचित लिहितो: कशासाठी. ‘पाने पिवळी म्हणून’, ‘दुकानात दुसरे नव्हते म्हणून’, ‘भाऊजी म्हणाले म्हणून’. आज्ञावलीकारांतही हा नियम आहे. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली तयार केलेले ‘गिट’ नावाचे साधन ते वापरतात. त्यात प्रत्येक बदलाला कोणी, केव्हा आणि कशासाठी हे जोडलेले असते. पाच वर्षांनी एखादी ओळ खटकली, की मागे जाऊन पाहता येते. शेतीच्या नोंदींसाठीही ‘फार्मओएस’ नावाचे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याची आज्ञावली उघडी असते, म्हणजे कोणालाही ती तपासता आणि बदलता येते. पीकवाढीचा अंदाज बांधणारे ‘डीएसएसएटी’ हे प्रतिमानही आता असेच खुले आहे. ज्यांची मुले संगणक शिकली आहेत त्यांनी ती जरूर पाहावीत. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी शंभर पानी वही घ्यावी. ‘फवारणी केली’ एवढेच लिहू नये. कशावर, कोणत्या कारणाने, किती पाण्यातून, कोणत्या अवस्थेत आणि आठ दिवसांनी काय दिसले, हे लिहावे. फसलेले आधी लिहावे, ते लवकर विसरते.

आणि चिठ्ठी माझ्यासारख्याची असो, दुकानदाराची असो, की मोबाईलवर आलेली असो, ती मागच्या वर्षीच्या पानाशी ताडून पाहावी. फरक दिसला तर विचारावे. ‘संगणकाने काढलंय’ हे उत्तर मिळाले, तर उठू नये.

भाषणानंतर एका तरुण शेतकऱ्याने विचारले, ‘सर, तुमचा तो तक्ता आता बरोबर कशावरून?’ प्रश्न योग्य होता. तक्त्याच्या पहिल्याच रकान्यात मी आता ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे, की हा आकडा ऑक्साइडच्या रूपातील आहे, पुन्हा गुणू नये. दर खरिपाला चिठ्ठ्या वाटण्याआधी दोन शेतकऱ्यांचा हिशेब कागदावर हाताने करतो आणि तक्त्याशी जुळवतो. त्यांतला एक हिशेब मावशींचा असतो. गेल्या खरिपात तक्ता आणि त्यांची वही यांत अर्ध्या पोत्याचा फरक निघाला. मी धसकलो. वही उघडली तेव्हा कळले, की शेणखत दोन गाड्या जास्त पडले होते, म्हणून मावशींनीच आपल्या मनाने सुपर अर्धे पोते कमी केले होते. कारण पुढे लिहिलेले होते.